आई कबूल करणार नसेल, तर विचारू का?

चाळिशीतल्या माणसांकडून हा प्रश्न वारंवार येतो. वडील जातात, किंवा आपलं मूल सात-आठ वर्षांचं होतं, आणि लहानपणी घरात सोसलेलं काहीतरी एकदम आठवतं. मग रात्री-अपरात्री माहेरी फोन. पलीकडून उत्तर, 'काहीतरीच काय बोलतेस!' आधीच ताणलेलं नातं तिथेच तुटतं.

अशाच एक बाई (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). जमिनीच्या हक्कसोडपत्रावरून माहेर सुटलेलं. मुलगी आठ वर्षांची झाली आणि आठवलं, वडिलांनी कोठीच्या खोलीत कोंडलं होतं.

'आई दाराबाहेर उभी होती. कडी काढली नाही तिनं.'

'दिसली होती?'

'नाही. बांगड्या वाजल्या.'

'आणि कडीचं?'

'...ते मी धरून चालले.'

फोनआधी त्यांना कागदावर तीन रकाने करायला सांगितले: स्वतः अनुभवलेलं, कुणी सांगितलेलं, आपण लावलेला अर्थ. दिवसाउजेडी, वीस मिनिटं, चार दिवस. धडधड वाढली की पेन खाली, पाय जमिनीला टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं. नातेवाइकांना विचारणं या कागदानंतरच, कारण मावशीचं ऐकलेलं आपल्या आठवणीत मिसळलं की वेगळं काढता येत नाही. लॉफ्टस आणि पिकरेल या मानसशास्त्राच्या अभ्यासकांच्या 1995 च्या प्रयोगात 24 जणांना, घरच्यांनी सांगितलंय म्हणून, लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याचा खोटा प्रसंग ऐकवला. सुमारे चौथाई जणांनी तो पूर्ण किंवा अर्धामुर्धा खरा मानला. उशिरा आलेली आठवण खोटीच, असं यातून ठरत नाही. पण संमोहनानं ती उकरून घेऊ नका. त्यानं खात्री वाढते, अचूकपणा वाढेलच असं नाही.

गाठ सुटली ती पुढे.

'आईनं नाकारलं तर?'

'तर खोलीतला अंधार खोटा ठरेल?'

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, 'नाही. पण तिनं कबूल करायला नको का!'

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर (आपले हट्टी आग्रह तपासून सोडायला शिकवणारी ही पद्धत) माझा भरवसा आहे तो अशाच क्षणांमुळे. आईनं कबूल करावं ही इच्छा रास्तच. तिच्या कबुलीवाचून माझी सुटका नाही, ही मात्र आपणच घातलेली अट, आणि ती पाळली की कोठीची किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या हातात जाते. हे उमजल्यावर बाईंची वाक्यं लहान झाली. मला ते फार आवडलं.

भेटीला सणवार, लग्न, वर्षश्राद्ध टाळा. एकट्या आईला भेटा, तासभरच. परतीची सोय आपली आपण. एक वाक्य ठरवून जा: 'मला कोंडलं होतं, मी फार घाबरले होते.' 'का थांबवलं नाहीस?' म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो. 'तेव्हा घरात काय चाललं होतं?' असं विचारा. जमिनीचा विषय त्या दिवशी नाही. मारहाण करणारा अजून त्या घरात असेल, तर तिथे जाऊच नका.

बाई भेटून आल्या. आई म्हणाली, 'मला नाही आठवत.' मग चहा गाळता गाळता, 'त्यांच्यापुढे कुणाचं चालायचं तेव्हा?' बाईंनी पुढे खोदलं नाही. भावाशी बोलणं अजून बंदच आहे, त्याची घाईही नाही.

भेटीनंतर पंधरा दिवस कोणताही निर्णय नको, व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेजही नको. झोप उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं.