मुलगा बापावर गेलाय, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मुलाच्या ऑटिझमच्या निदानासाठी गेलो होतो. डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना वाटत होतं, हे सगळं माझ्याबद्दलच चाललंय. मलाही गर्दी नकोशी होते, ठरलेलं बदललं की बेचैन होतो. त्याला हे माझ्याकडून आलं का?

उत्तर : काही अंशी आलं असेल. असं वाटणारे तुम्ही एकटेही नाही. माझ्यासमोर प्रश्नावली भरणारा एक बाप 'ठरलेला क्रम मोडला की त्रास होतो का?' या ओळीवर पेन टेकवून बराच वेळ बसला होता. शेवटी बायको हळूच म्हणाली, "त्याचं लिहिताय की तुमचं?"

नेमकेपणाची ओढ, एकाच विषयात बुडून जाणं, माणसांत अवघडणं हे गुण उंचीसारखे असतात, कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांत पसरलेले. मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001मध्ये असे स्वभावविशेष मोजणारी 50 प्रश्नांची एक चाचणी मांडली. तिच्यात निदान नसलेल्यांनाही सरासरी 16च्या आसपास गुण मिळाले, शून्य नाही. पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की ऑटिझमची शक्यता किंचित वाढवणारे डीएनएतले बारीक बदल निदान नसलेल्या मुलांच्या सामाजिक संवादाशीही जोडलेले आहेत. असे बदल हजारोंनी आहेत आणि एकेकाचा वाटा अगदी क्षुल्लक. त्यातले काही तुमच्याकडून आले असतील, काही त्याच्या आईकडून. यात गुन्हा कुणाचाच नाही, हे कृपया मनावर घ्या.

प्रश्न : मग आपण सगळेच थोडेथोडे ऑटिस्टिक का?

उत्तर : नाही, आणि हे वाक्य मला खटकतं. सदऱ्याच्या आतलं लेबल टोचणं वेगळं आणि ते टोचतंय म्हणून दिवसभर दुसरं काहीच न सुचणं वेगळं. शिवाय सगळा ऑटिझम या बारीक बदलांच्या बेरजेतून येत नाही. काही मुलांमध्ये एकच दुर्मीळ पण जोरदार बदल सापडतो : सीएचडी8 किंवा शँक3सारख्या जनुकात, नाहीतर 16व्या गुणसूत्राचा एक तुकडाच गळालेला असतो. 2020च्या एका मोठ्या अभ्यासात अशी 102 जनुकं पुढे आली. यातले बरेच बदल बीजपेशी तयार होताना नव्याने घडतात. आईवडिलांच्या रक्तात ते शोधूनही मिळत नाहीत.

प्रश्न : ऑटिझम 80 टक्के आनुवंशिक असतो असं वाचलं. म्हणजे दुसऱ्या बाळालाही 80 टक्के धोका?

उत्तर : नाही हो! तो आकडा एका घराचा नाही. लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमुळे पडतो, एवढंच तो सांगतो. दुसऱ्या बाळाबद्दल : मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल, तर पाठच्या साधारण पाचांपैकी एका मुलात तो आढळतो. पाठचा मुलगा असेल तर शक्यता थोडी जास्त, मुलगी असेल तर कमी.

जनुकांचा हात पहिल्यांदा दिसला तो 1977मध्ये. सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर या मानसोपचारतज्ज्ञांनी, निदान एकाला तरी ऑटिझम असलेल्या जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात, भिन्न जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात. 11 एकसारख्या जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. 10 भिन्न जोड्यांपैकी एकीतही तो दोघांना नव्हता. तोवर 'आईच्या थंडपणामुळे' मूल असं होतं, असं जाणते डॉक्टर सांगत. किती आयांनी तो फुकटचा दोष आयुष्यभर वाहिला, या विचाराने मला आजही संताप येतो.

प्रश्न : मुलीच्या जनुक तपासणीत 'अर्थ अनिश्चित' असा बदल आलाय. आता काय करू?

उत्तर : त्या एका ओळीवर कोणताही निर्णय घेऊ नका. बदल सापडलाय, पण तो निरुपद्रवी की कारणीभूत हे आज ठरवता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. तुम्हा दोघांची तपासणी केली तर बदल वारशाने आलाय की नवा आहे, ते कळेल. अहवाल जपून ठेवा आणि दोनेक वर्षांनी जनुकतज्ज्ञाला पुन्हा दाखवा. नवी माहिती जमली की अशा ओळींचा अर्थ बदलतो. तिचं निदान तिच्या वागण्या-बोलण्यावरून झालंय. ते या अहवालाने खोटं ठरत नाही, आणि स्पीच थेरपी त्याच्यासाठी थांबवायची नाही.