'थंडीबद्दल तक्रार नाही' असे भाडेकरूकडून लिहून घेता येईल का?

प्रश्न : इंग्लंडमधल्या लेस्टरला नोकरीत असताना घेतलेला सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट मी पुण्याला परतल्यापासून रिकामा आहे. आता भाडेकरू मिळालाय, पण घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रावर (ईपीसी) ३६ गुण, म्हणजे 'एफ' श्रेणी आहे. भाडेकरूचे संमतीपत्र घेतले की झाले, असे एजंट म्हणतो. खरे आहे का?

उत्तर : नाही. तो कागद करूच नका. इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल २०१८पासून नव्या भाडेकरारांना आणि १ एप्रिल २०२०पासून चालू करारांनाही किमान 'ई' श्रेणी लागते. ही जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरू ती माफ करू शकत नाही. परक्या देशात नुकताच आलेला माणूस घर मिळावे म्हणून कशावरही सही करतो; आपणही केली असती. नियम मोडला तरी करार रद्द होत नाही, भाडे मिळत राहते, म्हणून मालकांना खपून गेल्यासारखे वाटते. पण ईपीसीची नोंद पोस्टकोड टाकला की कोणालाही दिसते, आणि ३ महिने वा जास्त काळ घर असे दिलेले असेल तर कौन्सिल (तिथली पालिका) ४,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते.

आता तुम्ही पाठवलेले प्रमाणपत्र. 'ई' ३९ गुणांना सुरू होते, म्हणजे तुम्हाला ३ गुण कमी पडतात. छताच्या ओळीत 'इन्सुलेशन (उष्णतारोधक थर) नाही' आणि पुढे कंसात 'गृहीत' आहे. याचा अर्थ तपासनिसाने माळा (छताखालची पोकळी) पाहिलेला नाही, घराच्या वयावरून अंदाज बांधला. तुम्हीच लिहिता की माळ्याची झडप कपाटामागे आहे आणि आधीच्या मालकाने वर ग्लासवूलचे इन्सुलेशन अंथरले होते! कपाट हलवून झडप मोकळी करा, त्या कामाचे बिल शोधा, गरम पाण्याच्या टाकीला जाकीट नसेल तर घाला आणि मगच नवी तपासणी करून घ्या.

तरीही ३९ झाले नाहीत, तर सुधारणांवर व्हॅटसह ३,५०० पौंडांपेक्षा जास्त खर्चाची सक्ती नाही. त्यापुढे ५ वर्षांची सूट मिळते, पण ती आपोआप लागू होत नाही. सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. माळा लीजप्रमाणे (फ्लॅटच्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्याप्रमाणे) तुमचा नसेल तर तिथल्या कामाला फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी परवानगी मागा. त्याने नकार दिला तर ती ईमेल जपून ठेवा, सूट मिळवण्यासाठी तोच पुरावा लागेल.

चावी द्याल ती नव्या ईपीसीची प्रत भाडेकरूच्या हातात ठेवूनच.