आमच्या चित्रकला गटाच्या नोव्हेंबरमधल्या महिनाभराच्या चित्र-आव्हानासाठी, गटात कौतुक होईल असे सोपे पक्षी कोणते निवडावेत, आणि फोटो पाहून काढले तर चालते का?

फोटो पाहून काढलेले चालते, असे एका वाक्यात सांगून मला मोकळे होता आले असते. परंतु आपण 'सोपे पक्षी' विचारले आहेत आणि 'गटात कौतुक होईल असे' हेही जोडले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपल्या गटाने नोव्हेंबर महिना निवडला, तो बहुधा 5 ते 12 नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहामुळे असावा. त्या दिवसांत रोहित, खंड्या आणि स्वर्गीय नर्तक यांच्या त्याच त्या फोटोंवरून केलेल्या चित्रांचा पूर येतो. काढणाऱ्याने त्यातला एकही पक्षी डोळ्यांनी पाहिलेला नसतो आणि ते चित्रात लगेच दिसते. माझे स्पष्ट मत असे आहे की तीस दिवसांत तीस पक्षी काढण्यापेक्षा खिडकीतून रोज दिसणारे दोन किंवा तीन पक्षी पुन्हा पुन्हा काढावेत. कावळा, साळुंकी आणि पारवा एवढ्यांवर महिना सहज निघतो.

हे मत मी अशाच एका गटात मांडले होते आणि त्यावरून झालेला वाद माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आमच्या घरासमोर विलायती शिरीषाचे जुने झाड आहे. त्याच्या एका ढोलीत पोपटांची जोडी राहत असे, आणि ती आमच्या गॅलरीतून चष्म्याशिवायही नीट दिसे. गटाचा विषय 'पक्षी' आला, तेव्हा मी तीच जोडी काढायला घेतली. मादी ढोलीतून खांद्यापर्यंत बाहेर डोकावत असे. तिची हनुवटी आणि मान सलग हिरवी, त्यात ना काळी रेघ ना गुलाबी कड. नर वरच्या बाजूने खोडाला धरून उलटा उतरे, मान दोन-तीनदा खालीवर हलवून गिळलेले अन्न चोचीत आणी आणि तिच्या चोचीत भरवी. मला ते भरवणेच काढायचे होते, म्हणून नराची कंठी (गळ्याभोवतीचे काळे-गुलाबी कडे, जे मादीला नसते) मी मुद्दाम ठळक केली आणि मादीची मान मोकळी ठेवली. चित्राची सारी गंमत त्या फरकात होती.

वर्षअखेरीस गटाने निवडक चित्रांचे कॅलेंडर छापले आणि त्यात माझेही चित्र घेतले. कॅलेंडर हातात आल्यावर पाहते, तर माझ्या मादीच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी! संयोजकांनी ती संगणकावर परस्पर चढवली होती. विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, तुमची कंठी काढायची राहिली होती, म्हणून पूर्ण करून घेतली. लोकांना बघताक्षणी पोपट कळला पाहिजे. हे चित्र आहे, प्राणिशास्त्राचा पेपर नव्हे." लाल चोच, हिरवा रंग आणि लांब शेपूट समोर असताना ज्याला कंठीवाचून पोपट कळत नाही, त्याच्यासाठी कॅलेंडर छापावे तरी कशाला? शिवाय त्या दुरुस्तीमुळे एक नर दुसऱ्या नराला भरवतो आहे, असे ते चित्र झाले.

अचूकपणा आला की सौंदर्य जाते, ही समजूत मला मुळीच मान्य नाही. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अपरूप प्राणी आणले, त्यांत टर्की पक्षी होता. बादशहाने त्याचे वर्णन स्वतः लिहिले आणि चित्रही काढवून घेतले. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरचे ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यातली गळ्याखालची लोंबती कातडी आणि पिसांची एकेक ओळ पाहावी, आणि मग ते चित्र आहे की पेपर, हे खुशाल ठरवावे.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. पक्ष्यांचे पाय बहुतेकांचे चुकतात. पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. कावळा आणि साळुंकी यांची तीन बोटे पुढे व एक मागे असते. पोपटाची मात्र दोन पुढे आणि दोन मागे असतात, आणि फांदीवरची त्याची पकड त्यामुळेच वेगळी दिसते. गावकावळ्यासाठी ट्यूबमधला काळा रंग थेट वापरू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून गडद रंग करावा, म्हणजे पंखांवरची निळसर झाक टिकते आणि राखाडी मान त्यापासून वेगळी उठते.

फोटो वापरायचाच असेल तर तो स्वतः काढलेला असावा, नाहीतर काढणाऱ्याची परवानगी घ्यावी. वारली चित्रातल्या किंवा पैठणीच्या पदरावरच्या मोराला मी वर लिहिलेले काहीही लागू नाही. तिथे परंपरेचे नियम चालतात आणि ते वेगळे शिकावे लागतात. घरट्याच्या फार जवळ मात्र कुणीही जाऊ नये. तसेच कंठी नसलेला प्रत्येक पोपट मादीच असतो असे नाही, कारण नरालाही पहिली दोन-तीन वर्षे कंठी नसते. माझ्या चित्रातली मादीच होती. ती ढोलीत बसून असे आणि नर तिला येऊन भरवी.

प्रत्येक चित्राखाली पक्ष्याचे नाव, जागा आणि ओळखता आल्यास नर की मादी, हे पेन्सिलीने लिहावे. गटाला मूळ चित्र न देता स्कॅन द्यावा, आणि छापण्यापूर्वी प्रूफ दाखवल्याशिवाय चित्र कुठेही घेऊ नये, असे संयोजकांना पहिल्याच दिवशी लेखी कळवावे.