निबंध बाजूला ठेव, आधी चालून ये

पोरी,

काल रात्री व्हॉट्सॲपवर पाठवलेला भारतातल्या शिक्षणावरचा निबंध वाचला. खरं सांगू का, गुरुकुल, मग तक्षशिला-नालंदा, मग इंग्रजी शिक्षण आणणारा मेकॉले वाईट, मग एकदम २०२० चं शैक्षणिक धोरण, असं सगळं ओळीत लावलंयस आणि त्यात शाळेत जाणारं एकही पोर दिसत नाही. क्लासवाले हेच देतात गं लिहून.

आता अभ्यासिकेतनं उठ, चहा पी आणि पुण्यातल्या विश्रामबागवाड्यापाशी जा. तिथे १८२१ ला मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात संस्कृत पाठशाळा निघाली, पैसा कुठला तर पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे त्यातलाच, म्हणजे राज्य गेलं, साहेब आला, तरी शिकायला बसणारे तेच. तिथनं बुधवारात भिडेवाड्याच्या जागेपर्यंत चालत ये, दहा मिनिटं, गर्दी असली तर पंधरा. जुना वाडा २०२३ ला पाडला स्मारकासाठी. १८४८ ला जोतिबा-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. एवढ्याशा अंतराला २७ वर्षं लागली बघ.

पुढे १८८२ ला फुल्यांनी हंटर कमिशनला, म्हणजे सरकारच्या शिक्षण आयोगाला, सांगितलं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातनं आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर, बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ ला त्यासाठी बिल आणलं, पडलं. (कोल्हापूरकर म्हणतील आमच्याकडे शाहू महाराजांनी १९१७ लाच केलं, बरोबरच आहे त्यांचं.) देशात (तेव्हाचं जम्मू-काश्मीर सोडून) शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. १८८२ पासून किती वर्षं होतात ते तूच काढ आणि निबंधात तेच मधोमध ठेव.

आणि पंतोजीच्या शाळेला 'घोकंपट्टी' म्हणून उडवू नकोस हां. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचं, चुकलं की तळव्याने पुसायचं, कागदाचा खर्चच नाही. माझे आजोबा शेवटपर्यंत निमकी-पाउणकी, म्हणजे अर्ध्याचे-पाऊणचे पाढे, म्हणायचे, वाण्याचा कॅल्क्युलेटर सुरू व्हायच्या आत यांचा पावणेतीन किलोचा हिशोब तोंडी तयार. पण त्या शाळेत आपल्या आजीला कोण बसवून घेणार होतं, ते पण लिही.

मेकॉलेचं १८३५ आणि वूडचा १८५४ चा शिक्षणावरचा खलिता दोन-दोन ओळीत उरक. शनिवारी ये, प्रिंट काढून आण, मोबाईलवर मला आता वाचवत नाही.

तुझे सर