जाळं कापणाऱ्याची बाजू

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. किनाऱ्यावरच्या कामाला लागलीस आणि पहिल्याच महिन्यात अधिसूचनांचा गठ्ठा हातात पडला, म्हणून हिरमुसू नकोस. तो वाच. महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम तर कलमांसकट माहीत हवा. फक्त प्रत्येक कलमापाशी थांबून स्वतःला विचार, हे पाळायचं तर कुणाच्या पदराला खार लागणार?

ऑलिव्ह रिडले कासवाचंच बघ. जाळ्यात अडकलं की ते सुटायला धडपडतं आणि आणखी गुरफटतं. नायलॉनचा धागा मानेत, वल्ह्यासारख्या पायांच्या खोबणीत रुततो. हातानं सोडवायला वेळ लागतो, आणि कासव श्वासासाठी पाण्यावर यावं लागणारा जीव. सुरी चालवली तर कासव वाचतं, पण जाळं जातं. ते जाळं पुष्कळदा कर्जाचं असतं. वन्यजीव कायद्यानं कासवाला संरक्षण फार पूर्वीच दिलं होतं. जाळं कापणाऱ्याचा विचार मात्र त्यात नव्हता. डिसेंबर 2018 मध्ये मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष एकत्र आले आणि ठरलं, संरक्षित प्राणी जिवंत सोडताना जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ. मग मच्छीमारच कासवं, व्हेल शार्क सोडतानाची चित्रणं पाठवू लागले. किनाऱ्यावरच्या धोरणांत मला हे सगळ्यांत शहाणं वाटतं.

आता मालवण बघ. 13 एप्रिल 1987 ला तिथं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळं जपायची म्हणून. हेतू सोन्यासारखा होता. पण रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला वाटलं, आपला दर्याच काढून घेतायत, आणि तो विरोध वर्षानुवर्षं गेला नाही. मी त्याला दोष देत नाही. रापणीला अख्खी वाडी दोर ओढते आणि मासळीचे वाटे पडतात. इतक्या घरांचं पोट असलेल्या पाण्यावर रेघ ओढायची तर आधी त्या घरांच्या ओटीवर जाऊन बसायला हवं होतं.

जाळ्याच्या आसाचंही, म्हणजे विणीतल्या भोकाचंही असंच. ट्रॉलरच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असला, की ओढ बसताच मिटतो आणि पिल्लं आतच राहतात. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो, बारकी मासळी निसटते. हे कागदावर समजावू नकोस. दोन्ही जाळ्यांचे तुकडे घेऊन जेटीवर जा आणि तांडेलालाच, नौकेच्या म्होरक्यालाच, ताणून बघायला सांग. 2023 मध्ये राज्यानं 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवलं, त्याचीही अंमलबजावणी शेवटी लिलावाच्या जागीच होणार. तिथं मासे विकणाऱ्या बायका असतात. त्यांना बैठकीला बोलवायचं कुणाला सुचत नाही, तू बोलव.

एक गोष्ट मात्र गोडीगुलाबीनं सुटणार नाही. एलईडीच्या झगझगाटात मासळी गोळा करून उपसणाऱ्या नौका. केंद्रानं नोव्हेंबर 2017 मध्ये त्यावर बंदी घातली. राज्याचा अधिकार 12 सागरी मैलांपर्यंत, त्यापुढे केंद्राचा, आणि नौका रात्रीत ही हद्द ओलांडून जाते. इथं गोवा, कर्नाटक, तटरक्षक दल, सगळ्यांशी बोलणं ठेवावंच लागतं आणि दंडही वसूल व्हावा लागतो. हातावर पोट असलेल्यानं पावसाळ्यात नौका ओढून ठेवायची आणि बड्यांनी रात्री दिवे लावून समुद्र खरवडायचा, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगशील?

1 जूनपासून मासेमारीचा पावसाळी बंदीकाळ सुरू होईल. माणसं घरी, जाळी विणत बसलेली असतील. तुझ्या अहवालाचा मसुदा घेऊन तेव्हा जा. मराठीत वाचून दाखव, ते म्हणतील ते समासात त्यांच्याच शब्दांत टिपून घे, आणि वरिष्ठांकडे पाठवशील तेव्हा ती पानं गाळू नकोस. पाठवण्याआधी मलाही एक प्रत धाड.

तुझा,
काका