आईला सांगायचे ते चित्रांवर सोपवू नकोस

पत्र: ताई, मी २२ वर्षांची असून बडोद्यात इलस्ट्रेशन शिकते, आमचे घर दांडिया बाजारात आहे. मुलगा असो वा मुलगी, मला कोणाविषयीच शारीरिक आकर्षण कधी वाटलेले नाही. मी एसेक्शुअल आहे, हे मला आता पुरते कळले आहे. एका लोककथेसाठी मी काढलेले प्रियकर-प्रेयसीच्या भेटीचे चित्र सरांना ‘थंड’ वाटले. तेव्हापासून माझ्यातच काही उणीव आहे आणि ती चित्रात उतरते, असे मनात येते. घरी स्थळे पाहणे सुरू झाले आहे. अंतिम वर्षाच्या प्रदर्शनात स्वतःवरची चित्रमालिका मांडावी आणि ती पाहूनच आईने सारे समजून घ्यावे, असा माझा विचार आहे. हे योग्य होईल का?

उत्तर: आधी चित्राचे पाहू, कारण तुझ्या पत्रातली खरी सल तिथेच आहे. सरांनी चित्राला थंड म्हटले, तुला नव्हे. त्या दोन गोष्टींची सांगड तू घातलीस. लोककथेतला राक्षस रंगवणाऱ्याने राक्षस पाहिलेला नसतो, आणि बाळंतिणीचे चित्र काढणाऱ्या पुरुषाकडे कोणी अनुभवाचा दाखला मागत नाही. मग आलिंगनाच्याच चित्राला तो का लागावा? थंडपणाची कारणे बहुधा कागदावरच सापडतात. दोन्ही आकृतींचा तोल आपापल्या पायांवर राहिला, तर त्या एकमेकींवर रेलल्या आहेत असे वाटत नाही. बोटे पाठीवर टेकली पण वस्त्राला चुणी पडली नाही, तर स्पर्श दिसत नाही. आणि दोघांमधली मोकळी जागा वरपासून खालपर्यंत सारखीच असली, तर ओढ दिसत नाही. स्टेशनच्या फलाटावर स्केचबुक घेऊन बस आणि निरोप घेणाऱ्या माणसांचे खांदे, माना, पिशवी धरलेले हात टिपत राहा. ज्यांना ही ओढ स्वतःला ठाऊक असते, ते पुष्कळदा पाहण्याचा कंटाळा करून ठरीव मिठी काढून मोकळे होतात, असे माझे मत आहे. तुला मात्र पाहावेच लागेल आणि त्यात तुझे नुकसान नाही.

आता उणिवेविषयी. ब्रिटनमधील १८,००० हून अधिक लोकांच्या पाहणीच्या आधारे मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी २००४ साली लिहिलेल्या निबंधात, आपल्याला कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटलेले नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का आढळले होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतही, जी व्यक्ती स्वतःला एसेक्शुअल मानते तिच्या बाबतीत इच्छेच्या अभावाला विकार म्हणू नये, असे नमूद आहे. पूर्वी असलेली इच्छा अचानक नाहीशी झाली असती किंवा एखादे नवे औषध सुरू केल्यावर असे झाले असते, तर मी तुला डॉक्टरांकडे जायला सांगितले असते. पण तुझे म्हणणे तसे नाही.

प्रदर्शनाचा बेत मात्र मला पटत नाही. स्वतःचे समलिंगी असणे चित्रांतून मांडणाऱ्या, आपल्याच बडोद्याच्या चित्रकार भूपेन खख्खर यांचे उदाहरण तुला कोणीतरी देईल, आणि ते उदाहरण मोठेच आहे. पण हिशेबनिसाची नोकरी करत चित्रे काढणाऱ्या या माणसाने १९८१ साली ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे तसे चित्र रंगवले, तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती आणि त्यांना कोणत्याही परीक्षेत गुण मिळवायचे नव्हते. तू चित्रमालिका जरूर कर, परंतु भिंतीवर लावलेल्या चित्रासमोर, शेजारी मावशी आणि मागे तुझे वर्गमित्र उभे असताना, आईला न समजलेले काही विचारता येणार नाही, रडताही येणार नाही. शिवाय आईला सारे कळावे या धास्तीने तू प्रत्येक चित्र सोपे आणि बोलके करत जाशील, आणि मालिका खुलाशाचा कागद होऊन बसेल.

म्हणून घरी आधी बोल, आणि पहिले स्थळ पाहायला येण्यापूर्वी बोल. यात केवळ संकोचाचा प्रश्न नाही. शारीरिक अक्षमता किंवा सबळ कारण नसताना जोडीदाराने दीर्घकाळ एकतर्फी शरीरसंबंध नाकारणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली समर घोष यांच्या घटस्फोटाच्या खटल्यात म्हटले आहे. ‘लग्न झाले की सगळे ठीक होते’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना न्यायालयात उभे राहावे लागत नाही. उद्या तुला कोणाची सोबत हवीशी वाटली, तर तेही अशक्य नाही, कारण प्रेम वाटणे आणि शरीराची ओढ वाटणे या गोष्टी प्रत्येकात एकत्रच असतात असे नाही. फक्त त्या व्यक्तीला सुरुवातीलाच सर्व ठाऊक असले पाहिजे.

आईशी बोलताना नवे शब्द शिकवत बसू नकोस. ‘मला लग्नातला तो भाग नको आहे, आजवर कधी हवासा वाटला नाही, आणि त्यामुळे मी दुःखी नाही’ एवढे सरळ सांग. ती बहुधा पहिल्यांदा विचारील की तुला कोणी दुखावले का, किंवा तुझ्याशी कोणी वाईट वागले का. त्या प्रश्नावर चिडू नकोस. तसे काही घडलेले नसेल, तर ‘नाही’ म्हण आणि पुढचा प्रश्न तिला विचारू दे.