पगार नंतर विचार, पलंग आधी विचार

बाबू,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. कुवेतची ऑफर, पाइप वेल्डिंग, ओव्हरटाइम वेगळा, "राहणं फ्री", आणि घरी आई रडून राहिली म्हणून जाऊ का नको. जायचं का नाही ते तू ठरव, इथं नागपूरजवळ हिंगण्याच्या शेडमध्ये जन्म काढ असं मी म्हणणार नाही. पण राहणं फ्री म्हणजे काय हे एजंटला विचारलं का? नाही ना. काहून नाही विचारलं?

मी पण नव्हतं विचारलं. 2007 मध्ये कतारला गेलो तेव्हा गॅसच्या प्लांटची कामं जोरात होती, मी फक्त पगाराचा आकडा बघितला. पोर्टा केबिनमध्ये, म्हणजे डब्यासारख्या तयार खोलीत, आठ पलंग आणि माणसं बारा, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गादीवर पडायचा, गादी कधी थंडच व्हायची नाही. एका प्लगवर सगळ्यांचे चार्जर. काम संपलं त्या दिवशी संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, सकाळी पलंग खाली कर. नोकरी गेली त्याचं एवढं नाही लागलं, पण बॅग घेऊन गेटबाहेर उभा होतो ते अजून जात नाही डोक्यातून.

म्हणून पलंग आधी विचार. खोलीत किती जण, बाहेर पडायचे रस्ते किती, काम संपल्यावर किती दिवस राहू देतील. 12 जून 2024 ला कुवेतच्याच मंगाफमध्ये कामगारांच्या बिल्डिंगला पहाटे आग लागली, आपले चाळीसहून जास्त जण गेले, बरेचसे धुरानं. त्यांनाही राहणं फ्रीच होतं रे.

अमेरिकेत वेगळं असते असं नको समजू. नॉर्थ डकोटाच्या विलिस्टनला तेल निघालं तेव्हा घरभाडं इतकं चढलं की लोकं हाडं गोठवणाऱ्या थंडीत गाडीत झोपले, मग कंपन्यांनी कामगारांना राहायला कॅम्प टाकले. 2014 मध्ये तेलाचा भाव पडला, नवे फ्लॅट रिकामे राहायला लागले, आणि 2015 च्या शेवटी शहरानंच कॅम्प बंद करायचं ठरवलं. तेलाचा भाव उतरला की पलंग आधी जातो.

परत आल्यावर मी साठवलेल्या पैशात हुडकेश्वरला दोन खोल्या बांधल्या. भाऊ आजही म्हणतो, वेल्डिंगचं दुकान टाकलं असतं तर कुठल्या कुठे गेला असता. म्हणू दे. त्या खोलीतून मला कोणी सकाळी निघ म्हणत नाही, मी बरोबरच केलं.

शनिवारी शिफ्ट सुटली की ऑफर लेटर घेऊन ये, राहण्याबद्दल काय लिहिलंय ते दोघं बसून ओळ न ओळ वाचू. तोवर एजंटला एक रुपया देऊ नको.

तुझा काका